कोल्हापुरीची वेणी आणि रीम बेटाची हवा

अबू धाबी शहराला पुलांनी जोडलेल्या अल रीम आयलंडच्या उंच इमारतींमध्ये मराठी घरंही आहेत. गणपती जवळ आले की या घरांत कपाटाच्या तळातून कोल्हापुरी चपला बाहेर निघतात आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते. जुलैमध्ये गावी जाताना पुसून-झटकून ठेवलेला जोड परतल्यावर पांढुरक्या बुरशीने भरलेला असतो. दुसऱ्या कुणाचा जोड इतका कडक झालेला असतो की अंगठा आत जाता जात नाही. त्याच कपाटात ठेवलेली, मॉलमधून घेतलेली चामड्याची पर्स मात्र ठणठणीत असते.

आता दोन्ही वस्तू उजेडात धरून जवळून पाहा. पर्सवरची उठावाची नक्षी दोन-तीन वर्षांत बोथट झालेली दिसते, कोपऱ्यांवर तर ती जवळजवळ पुसली गेलेली असते. कोल्हापुरीची वेणी, बाजूच्या कानांवरची छिद्रांची रांग, पट्ट्यावरचे ठसे मात्र वर्षानुवर्षं वापरूनही जागच्या जागी असतात. म्हणजे जी वस्तू हवेपुढे हळवी, तिचीच नक्षी पक्की. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. ते समजलं की चामड्यावर कलाकुसर होते कशी, ती घरी कशी करून पाहायची आणि आखाताच्या हवेत कशी सांभाळायची, याची उत्तरं आपोआप मिळत जातात.

कातडं आणि चामडं

जनावराच्या अंगावरून उतरवलं ते कातडं. ते कुजणार नाही आणि वाळल्यावरही वाकेल असं केलं की झालं चामडं. मधल्या कामाला कातडं कमावणं म्हणतात.

कातड्यात मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन-तीन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात, अशा पिळांचे तंतू बनतात आणि तंतूंचं दाट जाळं म्हणजे कातडं. हे जाळं सगळीकडे सारखं नसतं. केसांकडच्या बाजूला तंतू बारीक आणि घट्ट, मांसाकडच्या बाजूला जाड आणि सैल. पाठीवरचं कातडं आवळ, पोटावरचं ढिलं आणि ताणलं जाणारं. म्हणून जाणता कारागीर तळासाठी पाठीकडचा भाग राखून ठेवतो आणि नक्षी केसांच्या बाजूवर काढतो. बारीक रेघ तिथेच धरते.

न कमावलेलं कातडं ओलं राहिलं तर कुजतं आणि वाळलं तर तंतू एकमेकांना चिकटून कडक होतं. या कडकपणाचाही उपयोग माणसाने करून घेतला आहे. तबल्याची पुडी ताणून धरणारी वादी त्याचंच उदाहरण. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांनी पडद्यावर सावल्यांचा खेळ करतात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. अशा बाहुल्यांसाठी कातडं खरवडून इतकं पातळ करतात की त्यातून दिव्याचा उजेड आणि रंग पडद्यावर उतरतात. कमावलेल्या चामड्यात तंतू सुटे राहतात, त्यांच्या मधल्या पोकळ्यांमध्ये उजेड विखुरतो आणि चामडं अपारदर्शक दिसतं. चिकटलेल्या तंतूंतून तो पलीकडे जातो. कोणती कला कोणत्या कातड्यावर होईल, हे असं आधीच ठरलेलं असतं.

बाभूळ, हिरडा आणि पिशवी

कोल्हापुरीचं पारंपरिक चामडं पिशवी पद्धतीने कमावतात. आधी कातडं भिजवतात, मग चुन्याच्या हौदात ठेवतात. चुन्याने केस सुटतात आणि तंतूंचे जुडगेही मोकळे होतात. केस आणि मांस खरवडून, चुना धुऊन काढला की कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करतात आणि ती टांगतात. आत बाभळीच्या सालीचा चुरा, कुटलेला हिरडा आणि पाणी. हा काढा कातड्यातून हळूहळू पाझरत खालच्या भांड्यात पडतो, तो पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे वरचा भागही काढ्याखाली येतो. सगळं धरून महिनाभराचं काम.

काढ्यातला कामाचा पदार्थ म्हणजे टॅनिन. कच्च्या सुपारीने किंवा कोऱ्या कडक चहाने तोंड ज्याच्यामुळे आवळतं, तोच हा तुरट पदार्थ. टॅनिनच्या रेणूला अनेक ठिकाणी पकडी असतात. तो कोलॅजनच्या तंतूंच्या मध्ये शिरतो, दोन्हीकडचे तंतू धरून ठेवतो आणि कुजवणाऱ्या जीवाणूंना तिथे जागा उरत नाही. बाभूळ आणि हिरडा या जोडीत मोठं शहाणपण आहे. सह्याद्रीतल्या हिरड्याच्या फळात तीस टक्क्यांच्या आसपास टॅनिन असतं, शिवाय साखरही. काढा आंबला की तिची आम्लं होतात आणि टॅनिनला कातड्यात मुरायला मदत करतात. हिरड्याने चामडं मऊ आणि पिवळसर होतं. बाभळीचं टॅनिन वेगळ्या जातीचं. ते तांबूस रंग आणि भरीव घट्टपणा देतं. कोल्हापुरीचा ओळखीचा मधाळ तपकिरी रंग मुळात या दोघांचा आहे, त्यावर तेलाचा हात फिरतो तो नंतर.

हे काम महाराष्ट्रात परंपरेने ढोर समाजाने केलं आणि चपला घडवण्याचं चर्मकार समाजाने. चुना, वास, ओली जड कातडी, पाण्यात तासन् तास उभं राहणं, आणि त्यावर अस्पृश्यतेचा डाग. कोल्हापुरीच्या देखणेपणाचं कौतुक होतं तेव्हा वेणी घालणाऱ्या हाताचं नाव कधीतरी निघतं. कमावणाऱ्याचं जवळजवळ कधीच निघत नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण पुढे दिसेल की नक्षी टिकण्याचं अर्धं काम त्याच्या हौदात आधीच झालेलं असतं.

मॉलमधल्या पर्सचं चामडं वेगळ्या वाटेने आलेलं असतं. फ्रीडरिख क्नाप या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८५८ साली क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची रीत मांडली. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी अशाच एका रीतीचं पेटंट घेतलं आणि मग कारखाने उभे राहिले. महिन्याचं काम एक-दोन दिवसांत होऊ लागलं. आज जगातलं बहुतांश चामडं क्रोमचं आहे. क्रोमियम तंतूंना अशा बंधांनी बांधतं की ते पाण्याने सुटत नाहीत. त्यामुळे हे चामडं मऊ, चिवट आणि पाण्याला बेफिकीर. दाबलं तर दबतं, सोडलं की पूर्ववत होतं.

नक्षी बसते ती पाण्यामुळे

आंघोळीनंतर ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं तर सकाळी सोडलेल्या केसांना लाटा पडलेल्या असतात. केसांतल्या प्रथिनांचे काही कमकुवत बंध पाण्याने सुटतात, केस दिलेला आकार घेतात आणि वाळताना ते बंध नव्या जागी पुन्हा जुळतात. पुन्हा केस भिजवले की लाटा गेल्या. बाभूळ-हिरड्यासारख्या झाडपाल्याने कमावलेल्या चामड्यात नेमकं हेच घडतं. टॅनिन आणि कोलॅजन यांच्यातले बरेचसे बंध अशाच पाण्याने सैल होणाऱ्या जातीचे आहेत. चामडं ओलसर केलं की तंतू एकमेकांवरून सरकू शकतात. त्यावर ठसा दाबला की त्या जागचे तंतू खाली बसून घट्ट होतात. पाणी उडून गेलं की बंध नव्या जागी जुळतात आणि ठसा राहतो.

क्रोमच्या चामड्यात मुख्य बंध पाण्याने सुटतच नाहीत. म्हणून त्यावर हाताने ठसा मारला तर संध्याकाळपर्यंत तो अर्धा मावळतो. कारखान्यात मग तापलेली पाटी यंत्राने दाबतात आणि वरच्या रंगाच्या पातळ थरात नक्षी उमटवतात. नक्षी त्या थराची असते, आतल्या तंतूंची नसते. थर झिजला की तीही गेली.

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर हे आहे. पाण्याशी सलगी हा झाडपाल्याच्या चामड्याचा स्वभाव आहे. कारागीर त्या स्वभावाचा उपयोग करून नक्षी उठवतो. त्याच स्वभावामुळे दमट हवेत ते चामडं पाणी ओढून घेतं आणि कोरड्या हवेत सोडून देतं.

मात्र चामडं भिजवायचं किती, यात खरी कारागिरी आहे. पाणी टपकत असेल तर ठसा मारताच चामडं चेपून पुन्हा फुगतं आणि कडा विरघळल्यागत दिसतात. फार कोरडं असेल तर ठसा उथळ बसतो आणि जोर केला तर वरचा थर फाटतो. योग्य रीत अशी: ओल्या स्पंजने दोन्ही बाजू सारख्या पुसायच्या, कापडात गुंडाळून काही तास मुरू द्यायचं, मग उघडून थोडं वाळू द्यायचं. भिजल्यावर गडद झालेला रंग परत मूळ छटेकडे येऊ लागला, पण गालाला लावल्यावर चामडं अजून गार लागतंय, ही ठसे मारायची वेळ. पृष्ठभागावरचं पाणी गेलेलं असतं आणि आतलं शिल्लक असतं.

आपल्याकडे जुन्या घरांत शांतिनिकेतनी पर्सेस असत, त्या याच तत्त्वावर घडतात. रवींद्रनाथ टागोरांचे पुत्र रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी यांनी हे काम शांतिनिकेतन परिसरात रुजवलं. बकरीचं झाडपाल्याने कमावलेलं पातळ चामडं ओलसर करून त्यावर आकृती दाबतात, ती उठावदार करतात आणि मग हाताने रंग भरतात.

चौकट: हातातलं चामडं कोणतं?

• पाण्याचा थेंब आतल्या बाजूवर ठेवा. झाडपाल्याचं चामडं थेंब पिऊन तिथे गडद होतं. क्रोमच्या चामड्यावर थेंब बराच वेळ तसाच राहतो.
• नखाने दाबून रेघ ओढा. झाडपाल्याच्या चामड्यावर ती राहते.
• कापलेली कड पाहा. आरपार तपकिरी असेल तर झाडपाल्याचं. मधोमध निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोमचं.
• कड ओलसर करून गुळगुळीत लाकडाने जोरात घासा. झाडपाल्याच्या चामड्याची कड चकाकते, क्रोमची पिंजारते.

कोल्हापुरीवर काय काय असतं

कोल्हापूरच्या बोलीत चपलेला पायताण म्हणतात. ते सजवण्याच्या अनेक तऱ्हा आहेत आणि कापशी, पुकारी, बक्कलनाली, कचकडी अशी प्रकारांची नावं आहेत. कापशी हे कागल तालुक्यातल्या गावाचं नाव. घडणीचे मुख्य भाग मात्र सगळीकडे तेच. जाड तळ, टाच, दोन बाजूंना कान, पायावरून जाणारा पट्टा आणि अंगठ्याचं कडं. पारंपरिक जोडात खिळा नसतो. तळाचे थर चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. रापीने कापायचं आणि तासायचं, आरीने भोक पाडून वादी ओवायची. वादी ओलसर असताना ओढून बसवली की वाळताना ती आवळते आणि तळाचे थर घट्ट धरते. इथेही पाणीच कामाला लावलेलं आहे. चालताना येणारा करकर आवाजही या घडणीतून निघतो. तळ वाकतो तेव्हा चामड्याचे थर एकमेकांवर घासतात आणि अडकत-सुटत सरकतात.

कानांवर आणि पट्ट्यावर पंचाने छिद्रं पाडून नक्षी करतात. जिथे ठिपके जवळजवळ घ्यायचे तिथे चामडं घट्ट असलं पाहिजे, नाहीतर दोन छिद्रांमधला पूल ताण आल्यावर तुटतो. छिद्रांखाली दुसऱ्या रंगाचं पातळ चामडं लावलं की ठिपके रंगीत दिसतात. त्यावर जरीची पट्टी, लाल गोंडा. नक्षी आणि विणकामाचा बराच भाग घरातल्या बायका करतात. अथणीसारख्या सीमाभागातल्या गावांत तर महिला बचत गटांनी हे काम संघटितपणे उभं केलं आहे.

सगळ्यात लोभस भाग वेणीचा. त्यासाठी बकरीचं पातळ चामडं घेऊन त्याच्या बारीक पट्ट्या काढतात. पट्टीची रुंदी शेवटपर्यंत सारखी राहिली पाहिजे, कारण एक पट्टी जरा रुंद झाली की सगळी वेणी तिच्याकडे वळते. पट्ट्या ओलसर करून विणल्या की प्रत्येक वळणावर तंतू त्या वळणाचा आकार घेतात आणि वाळल्यावर वेणी सुटू पाहत नाही. म्हणूनच गोंद न लावता ती वर्षानुवर्षं टिकते.

वेणीचाच एक प्रकार जगभरच्या चामडेकामात आढळतो आणि पाहणाऱ्याला चकवतो. एकच पट्टी, तिला मधोमध दोन लांब चिरा, दोन्ही टोकं मात्र अखंड. टोकं जोडलेली असताना तिची तीनपदरी वेणी घालता येते! वर तीन वळसे घातले की खाली तेवढाच उलटा गुंता तयार होतो. पट्टीचं खालचं टोक चिरेच्या फटीतून पलीकडे काढलं की गुंत्याचा काही भाग सुटतो. पुन्हा तीन वळसे घालायचे आणि टोक पुन्हा फटीतून काढायचं. सहा वळसे झाले की खालच्या पट्ट्या एकदम सरळ होतात आणि वरचे सहा वळसे शिल्लक राहतात. तीनपदरी वेणीत सहा वळशांनी प्रत्येक पदर आपल्या मूळ जागी परततो, त्यामुळे खालचा उलटा गुंता टोक फिरवून पूर्ण सोडवता येतो. वळसे सहाच्या पटीत नसले तर सगळ्या पट्ट्या सरळ आणि जागच्या जागी येतच नाहीत. मुलांना बेरीज-वजाबाकीच्या पलीकडचं गणित दाखवायचं असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही.

काळा रंग कुठून येतो

झाडपाल्याच्या चामड्याला ओल्या लोखंडाचा हात लागला की निळसर-काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही. टॅनिन आणि लोखंड यांच्यापासून काळा पदार्थ बनतो आणि तो थेट तंतूंमध्ये बसतो. जुन्या काळी शाई याच मेळातून करत. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, हे तिचे घटक. गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे आंबवून केलेलं पाणीही हेच काम करतं आणि कापडावरच्या ठशांच्या छपाईत ते आजही वापरतात. चामड्यावर त्याने काढलेली रेघ वरून लावलेल्या रंगासारखी सोलून निघत नाही, कारण रंग चामड्यातल्याच टॅनिनचा झालेला असतो. याची दुसरी बाजू म्हणजे ओल्या चामड्यावर गंजलेलं हत्यार, लोखंडी टाचणी किंवा क्लिप कधी ठेवू नये.

रीम बेटाची हवा काय करते

बेटाच्या चारही बाजूंना खारं पाणी आहे. उन्हाळ्यात दिवसा पारा चाळीसच्या वर जातो आणि रात्री-पहाटे समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने भरलेली असते. थंड खोलीच्या खिडकीला बाहेरून दव धरतं, ते याच बाष्पाचं. घरात एसी हे बाष्प काढून टाकतो. पण कुटुंब महिनाभर गावी गेलं आणि एसी पूर्ण बंद राहिला की फटींतून ती दमट हवा आत शिरते, आणि बंद कपाटात तर ती हलतही नाही.

एरवीच्या कोरड्या खोलीतही झाडपाल्याच्या चामड्यात वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी असतं. हवेतली आर्द्रता नव्वदच्या पुढे गेली की ते दुपटीच्या आसपास जातं. आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला वाढायला पुरेसं होतं. तिच्यासाठी चामड्यात पाणी आहे, तेल आहे, हिरड्याबरोबर आलेली उरलीसुरली साखर आहे. क्रोमच्या पर्सवर रंगाचा थर असतो आणि ती पाणीही कमी ओढते, म्हणून ती सुटते.

कडक होण्याचं कारण वेगळं. चामडं वाकतं ते तंतूंच्या मध्ये तेलाचा पातळ थर असल्यामुळे. चप्पल भिजून झपाट्याने वाळली, असं वारंवार झालं, की पाणी बाहेर पडताना तेल जागचं हलतं आणि तंतू एकमेकांना चिकटतात. उष्णतेची एक मर्यादाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओल्या कोलॅजनला विशिष्ट तापमानाला पीळ सुटून आकसण्याची सवय असते. कच्च्या कातड्यात ते तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास, झाडपाल्याच्या चामड्यात ७० ते ८५, क्रोमच्या चामड्यात १०० किंवा वर. कोरडं चामडं याहून बरंच सोसतं. पण कॉर्निशवरून, म्हणजे अबू धाबीच्या समुद्रकाठच्या रस्त्यावरून, फिरून आल्यावर भिजलेल्या चपला उन्हात उभ्या गाडीत काचेखाली ठेवल्या, तर तिथलं तापमान या मर्यादेला भिडू शकतं. आकसलेलं चामडं पुन्हा सरळ होत नाही. अशी वेणी कोणत्याही कारागिराला परत बसवता येणार नाही.

उपाय साधे आहेत. सुट्टीला जाताना एसी पूर्ण बंद न करता वरच्या तापमानाला अधूनमधून चालेल असा लावून ठेवावा. चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही बांधू नयेत; सुती कापडात, हवा लागेल अशा फळीवर ठेवाव्यात. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडून, ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवाव्यात. तेलाचं बोट वर्षातून दोन-तीनदा पुरे. जास्त तेल पाजलं तर चामडं गडद आणि लुळं होतं, नक्षीच्या कडा बसतात आणि बुरशीची सोय होते.

या किनाऱ्यावरच्या लोकांनाही चामड्याचा हा स्वभाव पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. वाळवंटात पाणी नेण्यासाठी बकरीच्या कातड्याच्या पिशव्या होत्या, आपल्याकडच्या पखालीच्या जातीच्या. अरबस्तानातही बाभळीच्या शेंगांनी कातडी कमावत. अमिराती लोकांचं ससाण्यांवरचं प्रेम तर प्रसिद्धच आहे. ससाण्यांकरवी शिकार करण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात संयुक्त अरब अमिरातीही आहे. ससाण्याला शांत ठेवण्यासाठी डोळ्यांवर चढवायची चामड्याची टोपी बोटभर असते, पण डोळ्याला टेकू न देता डोकं नेमकं झाकते. ओलं चामडं लाकडी ठोकळ्यावर चढवून वाळवलं की ते असा गोलवा धरून ठेवतं. अबू धाबीत दरवर्षी भरणाऱ्या शिकार आणि अश्वारोहणाच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अशा टोप्या पाहायला मिळतात. कोल्हापुरीची वेणी समजलेल्या माणसाने त्या जरूर हातात घेऊन पाहाव्यात.

घरी करून पाहा: पुस्तकातली खूण

पहिल्या कामाला चप्पल घेऊ नका. झाडपाल्याने कमावलेल्या, दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या चामड्याची एक पट्टी पुरे. २० सेंटिमीटर लांब, ३ सेंटिमीटर रुंद. धारदार पाती, स्टीलची पट्टी, एक स्पंज, लाकडी हातोडी आणि ठशासाठी पितळेची किंवा स्टेनलेसची काहीही नक्षीदार वस्तू. जुनं पितळी बटणही चालतं. खाली ग्रॅनाइटचा तुकडा आणि त्याखाली जाड रबर किंवा दुमडलेली सतरंजी घ्या, म्हणजे खालच्या मजल्यावर ठोक ऐकू जाणार नाही.

पट्टीचा वरचा तिसरा भाग ठशांसाठी ठेवा. उरलेल्या भागात, खालची दोन सेंटिमीटर सोडून, समांतर दोन चिरा द्या. चिरेच्या दोन्ही टोकांना आधी बारीक गोल छिद्र पाडलं तर ताण तिथे विभागला जातो आणि चीर पुढे फाटत नाही. मग वर सांगितल्याप्रमाणे चामडं मुरवा. आधी ठसे मारा, एकाच जोराने, ठसा सरळ उभा धरून. नंतर टोक फटीतून काढत सहा किंवा बारा वळशांची वेणी घाला. वेणी सारखी करून पुस्तकाच्या वजनाखाली, मध्ये कोरं कापड घालून, रात्रभर वाळू द्या. एसीच्या झोतात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, वरचा थर आधी आकसला की पट्टी बाकदार होते. वाळल्यावर कडा ओलसर करून लाकडी लाटण्याच्या दांडीने घासा. शेवटी तेलाचं एक बोट.

पहिले काही दिवस चामडं फिकट दिसेल. उजेडात आणि हाताळणीत टॅनिनचं ऑक्सिडीकरण होतं आणि रंग महिन्या-दोन महिन्यांत आपोआप मधासारखा गडद होत जातो.

जोड घेताना

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सुरुवातीला त्यांच्या मुळाचा उल्लेखही नव्हता. महाराष्ट्रातून संताप उसळल्यावर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलांची प्रेरणा मान्य केली. त्या वादात बहुतेक चर्चा आकाराची झाली: अंगठा, पट्टा, वेणी. आकार छायाचित्रावरून उचलता येतो. बाभूळ-हिरड्याच्या काढ्यात महिनाभर मुरलेलं चामडं तसं उचलता येत नाही, आणि आज धोक्यात आहे ते हेच चामडं. पिशवी पद्धतीने कमावणारे हात कमी झाले आहेत. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूंनाही लागू झाल्यावर कच्च्या मालाची टंचाई वाढली आणि बरेच कारागीर बाहेरच्या राज्यांतून येणाऱ्या तयार चामड्यावर काम करतात. बाजारात कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी जोडांमध्ये तर रेक्झिन आणि रबर असतं.

कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं सामाईक आहे, आणि महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकचं लिडकर ही दोन चर्मोद्योग महामंडळं त्याची धारक आहेत. लिडकॉमने अस्सल जोडांसाठी क्यूआर कोडची सोयही सुरू केली आहे.

आखातातून सुट्टीला येणाऱ्यांना एक विनंती. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये जोड हातात घेतलात की रंग आणि गोंडा पाहण्याआधी कापलेली कड पाहा, तळावर नखाची रेघ ओढा, आणि दुकानदाराला विचारा की हे चामडं कुठे आणि कशाने कमावलं आहे. उत्तर बाभूळ-हिरडा असेल तर सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या. गिऱ्हाईक हा प्रश्न विचारू लागलं, तर दुकानदाराला कमावणाऱ्याकडे जावंच लागेल.